‘बाधतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

अन्नाचं आणि शरीराचं जमलं नाही की मराठी माणसाला शब्द शोधावे लागत नाहीत. दूध सोसत नाही, वांगं बाधतं, हरभऱ्याची डाळ वातूळ पडते, कोळंबी मानवत नाही, पपई उष्ण पडते, शिळं चालत नाही. हे शब्द पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आले आहेत आणि त्यांना नाकं मुरडण्याचं काही कारण नाही. पण एका शब्दानं मोठा घोटाळा करून ठेवला आहे. तो शब्द म्हणजे ‘पित्त’. जेवणानंतर छातीत जळजळलं, आंबट ढेकर आले तर पित्त झालं. अंगावर लाल गांधी उठल्या, ओठ सुजले, तरी पित्तच उठलं. पहिल्या प्रकारात जठरातलं आम्ल अन्ननलिकेत चढतं, दुसऱ्यात त्वचेतल्या पेशी हिस्टामीन नावाचं रसायन सोडतात. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण नाव एक म्हणून उपायही एक: आमसुलाचं पाणी पोटातही घ्यायचं आणि अंगालाही चोळायचं. आता पित्ताच्या जोडीला ‘ॲलर्जी’ हा शब्द घरोघर रुळला आहे आणि त्यानंही तेच केलं. गॅस होतो ती ॲलर्जी, डोकं दुखतं ती ॲलर्जी, आणि श्वासनलिका आवळली जाते तीही ॲलर्जीच. माझं म्हणणं असं, की ॲलर्जी आणि न सोसणं यांतला फरक कमी-जास्त त्रासाचा नाही, जातीचा आहे. तो रक्ताच्या एखाद्या अहवालावरून ठरत नाही; काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळानं काय झालं आणि प्रत्येक वेळी तसंच होतं का, या हकिगतीवरून ठरतो. आणि तो ओळखला नाही तर दोन्हीकडच्या माणसांचं नुकसान होतं: खरी ॲलर्जी असलेल्याचं म्हणणं कोणी मनावर घेत नाही आणि नसलेला विनाकारण अन्नाला मुकतो.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला, तेव्हा त्याचा अर्थ शरीराची ‘बदललेली प्रतिक्रिया’ इतका सैल होता. त्याआधी चार वर्षं, १९०२ मध्ये, शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती. समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना एकदा टोचलं आणि ती त्यातून सावरली. काही आठवड्यांनी त्याच विषाची अगदी थोडी मात्रा दिली, तर ती काही मिनिटांत कोसळली. पहिल्या वेळेनं शरीर कणखर होण्याऐवजी जास्तच हळवं झालं होतं. या अवस्थेला त्यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हटलं आणि रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं. पण अन्नाच्या संदर्भात सगळ्यात बोलका प्रयोग १९२१ चा. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना मासे खाल्ले की अंगभर गांधी उठत. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना माशांचा काही त्रास नव्हता. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेवढ्या जागेवर गांध उठली, बाकीच्या त्वचेवर काही नाही. म्हणजे माशाला ओळखणारं ‘काहीतरी’ क्युस्टनर यांच्या रक्तात होतं आणि ते दुसऱ्याच्या कातडीत नेता येत होतं. ते काहीतरी काय, हे कळायला पंचेचाळीस वर्षं गेली. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका पती-पत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिश यांनी स्वतंत्रपणे ते शोधलं. त्यालाच आज आयजीई प्रतिद्रव्य म्हणतात.

हे आयजीई त्वचेतल्या, श्वासमार्गातल्या आणि आतड्यातल्या मास्ट पेशींना चिकटून बसतं. ज्या प्रथिनाविरुद्ध ते तयार झालं आहे ते प्रथिन आलं की पेशी क्षणात आपली रसायनं बाहेर टाकतात. म्हणूनच ॲलर्जी मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसते, आणि म्हणूनच ती एका अवयवापुरती राहत नाही. खाज, गांधी, सूज, उलटी, धाप, रक्तदाब उतरणं, यांतलं काहीही आणि एकापेक्षा जास्तही एकदम होऊ शकतं. न सोसण्यामागे यातलं काही नसतं. एखादं पाचक द्रव्य कमी पडतं, न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते, किंवा अन्नातलं एखादं रसायनच शरीराला जड जातं. त्यात जीव घाबरा होईल, दिवस वाया जाईल, पण जीव जात नाही. वैद्यकीय मराठीत याला ‘असहिष्णुता’ म्हणतात. तो शब्द आता सामाजिक वादांत इतका वापरला जातो की मी ‘न सोसणं’ हेच वापरणार आहे. आपल्या बोलीनं ही गोष्ट अचूक हेरून ठेवलेलीच आहे.

हा फरक दुधात जितका स्वच्छ दिसतो तितका दुसऱ्या कशात दिसत नाही, म्हणून तिथे जरा थांबायला हवं. दुधात प्रथिनं आहेत आणि लॅक्टोज नावाची साखरही आहे. ॲलर्जी होते ती केसीन किंवा बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनसारख्या प्रथिनांची. सोसत नाही ती साखर. लॅक्टोज फोडणारं लॅक्टेज हे द्रव्य तान्ह्या बाळात भरपूर असतं आणि आईचं दूध सुटल्यावर बहुतेक सस्तन प्राण्यांत ते हळूहळू आटतं. माणसांतही जगातल्या जवळपास दोन तृतीयांश प्रौढांत असंच होतं. ज्यांच्यात ते टिकतं, त्यांच्यात एका जनुकीय बदलामुळे टिकतं. भारतात जो बदल प्रामुख्यानं सापडतो तो युरोपात सापडणाराच आहे आणि तो वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी होत जातो. म्हणजे प्रौढपणी दूध न पचणं हा रोग नव्हेच, तो मनुष्यजातीचा मूळ स्वभाव आहे. आता याचे व्यवहारातले परिणाम बघा. लॅक्टोज न सोसणाऱ्याला दही चालतं, कारण विरजणातल्या जिवाणूंनी काही साखर आधीच संपवलेली असते आणि उरलेली पचवायला ते आतड्यातही मदत करतात. ताक चालतं, साजूक तूप तर बिनघोर चालतं. पण ज्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी दही म्हणजे घट्ट झालेलं तेच प्रथिन. ‘दूध नको तर दही घाल’ हा सल्ला एकाला औषध आहे आणि दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. तसाच दुसरा सल्ला शेळीच्या दुधाचा. गावागावांत तो दिला जातो, आणि देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांची सख्खी भावंडं आहेत. इटलीत १९९९ मध्ये गाईच्या दुधाची ॲलर्जी सिद्ध झालेल्या २६ मुलांना शेळीचं दूध देऊन पाहिलं, त्यांपैकी २४ जणांना त्रास झाला. लॅक्टोज म्हणाल तर तेही शेळीच्या, म्हशीच्या, गाईच्या दुधात असतंच. म्हणजे शेळीचं दूध दोन्ही बाजूंनी उपयोगाचं नाही.

वयही इथे साक्ष देतं. दुधाची ॲलर्जी बहुधा पहिल्या वर्षात, वरचं दूध सुरू होताच दिसते. लॅक्टेज आटण्याचा प्रकार साधारण पाच वर्षांच्या आत सहसा त्रास देत नाही. सहा महिन्यांच्या बाळाला वाटीभर दुधानं पुरळ उठलं आणि ओकारी झाली तर ‘त्याला लॅक्टोज पचत नाही’ असं म्हणणं चुकीचं आहे. आणि चाळिशीतल्या माणसाचं बासुंदीनं पोट फुगलं तर ‘मला दुधाची ॲलर्जी आहे’ असं म्हणणंही चुकीचंच. अपवाद एवढाच, की जोरदार जुलाबानंतर आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि मुलांचं लॅक्टेज काही आठवडे कमी पडतं. ते आपोआप परततं.

मात्रा ही दुसरी साक्ष, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी. न सोसणाऱ्याचं गणित मात्रेचं असतं. १९९५ मध्ये अमेरिकेत सुआरेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. ‘आम्हाला थोडंसुद्धा दूध सोसत नाही’ असं ठामपणे सांगणाऱ्या ३० जणांना त्यांनी रोज २४० मिलिलिटर दूध दिलं. काही दिवस साधं, काही दिवस लॅक्टोज काढलेलं, आणि कुठलं कधी हे त्यांना कळू दिलं नाही. दोन्ही दुधांच्या त्रासात नोंद घेण्याजोगा फरक पडला नाही. शिवाय त्या ३० पैकी ९ जण लॅक्टोज व्यवस्थित पचवत होते. या लोकांना त्रास होत नव्हता असा याचा अर्थ नाही. त्रास खरा होता, कारण मात्र वेगळं होतं, आणि चहातल्या चमचाभर दुधाला घाबरण्याची गरज नव्हती. ॲलर्जीत ही सूट नाही. ज्याला कोळंबीची ॲलर्जी आहे त्याला कालवणातून कोळंबी वेचून बाजूला ठेवल्यानं उपयोग होत नाही, कारण ट्रोपोमायोसिन हे तिचं प्रथिन उष्णतेला दाद देत नाही आणि रश्शात उतरलेलं असतं. ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलात तळलेल्या बटाट्याच्या कापांनीही एखाद्याला त्रास होतो. सुकट भाजताना उठणारा धूर एवढंही कारण काहींना पुरतं. इथे ‘थोडं खाऊन बघ, काही होत नाही’ हा आग्रह फार महागात पडतो, आणि आपल्या पंगतीत आग्रहाला तोटा नसतो.

आता काही सोंगाडे प्रकार पाहू, कारण फरक समजला असं वाटू लागतं तिथेच ते फसवतात. बांगडा घ्या. तो जाळ्यातून निघाल्यापासून बर्फात नीट राहिला नाही तर जिवाणू त्याच्या मांसातल्या हिस्टिडीनचं हिस्टामीन करतात. असा बांगडा खाल्ला की अर्ध्या-एक तासात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, कधी जुलाब होतात. म्हणजे चित्र हुबेहूब ॲलर्जीचं, कारण रसायन तेच आहे. फक्त ते शरीरानं सोडलेलं नाही, ताटातून आलेलं आहे. खाज थांबवणाऱ्या गोळीनं बरंही वाटतं, त्यामुळे गैरसमज पक्का होतो आणि किनारपट्टीवरचा माणूस ‘मला बांगडा चालत नाही’ म्हणत आयुष्यभर त्याला पारखा होतो. कितीही उकळलं तरी ते हिस्टामीन जात नाही. तिरफळं घातली, आमसुलं घातली, तरी नाही. ओळखायची खूण साधी आहे: त्याच बांगड्यांनी घरातल्या तीन-चार जणांना एकदम त्रास झाला का, आणि याच माणसाला आधी शंभर वेळा ताजा बांगडा पचला होता का? तसं असेल तर दोष माशाच्या साठवणीचा. दुसरा सोंगाड्या अळू. अळूवडीनं घसा खवखवला की हल्ली त्यालाही ॲलर्जी म्हणतात. अळूच्या आणि सुरणाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेत आणि घशात रुततात. त्यात प्रतिद्रव्याचाही संबंध नाही आणि पचनाचाही. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवलेलं अळू खवखवत नाही हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे, आणि खऱ्या ॲलर्जीचं प्रथिन काही चिंचेनं नरमत नसतं. वांग्याचंही बरंचसं असंच. मैसूरच्या संशोधकांनी २००८ मध्ये वांग्याच्या तक्रारींचा अभ्यास केला, तेव्हा वांगं बाधतं म्हणणाऱ्यांतल्या थोड्यांमध्येच आयजीई असलेली खरी ॲलर्जी निघाली. पण निघाली, हेही लक्षात ठेवायला हवं. हरभऱ्याचीही तीच गोष्ट. ‘वातूळ’ म्हणून ज्याकडे आपण गॅसपुरतं बघतो, त्या हरभऱ्याची गंभीर ॲलर्जी होऊ शकते हे मुंबईच्या संशोधकांनी २००१ मध्येच दाखवलं. वेष्टनावर ॲलर्जीकारक पदार्थ जाहीर करण्याचे आपल्याकडचे २०२० चे नियम दूध, अंडं, मासे, शेंगदाणा, सोयाबीन, ग्लुटेनची धान्यं यांची नावं घेतात. बेसनाचं नाव त्यांत नाही. भजी-पिठल्यापासून भाज्यांचे रस दाट करण्यापर्यंत बेसन वापरणाऱ्या देशात ही उणीव मला गंभीर वाटते.

गव्हाचं प्रकरण तर तिहेरी आहे. गव्हाची आयजीई-ॲलर्जी असते. ती प्रौढांत तुलनेनं विरळ. सीलिॲक हा आजार ॲलर्जीही नाही आणि निव्वळ न सोसणंही नाही. त्यात ग्लुटेनमुळे चेतलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते, मुलाची उंची खुंटते, रक्त उतरतं. भारतातल्या तेवीस हजारांहून जास्त प्रौढांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघालं. जिथे पोळी-रोटी रोजची, तिथे जास्त. तिसरा गट सर्वांत मोठा: पोळी सोडली आणि पोट हलकं झालं असं सांगणारे. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण कारण बहुतेकदा ग्लुटेन नसतं. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठाच्या गटानं २०१३ मध्ये अशा ३७ जणांच्या आहारातल्या आंबणाऱ्या शर्करा आधी कमी केल्या, मग त्यांना न सांगता ग्लुटेन दिलं. ग्लुटेननं वेगळा असा त्रास झाला नाही. नॉर्वेतल्या २०१८ च्या प्रयोगात ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टान या शर्करेनं जास्त त्रास दिला. हीच फ्रुक्टानं कांद्यात आणि लसणातही असतात. पोळी सोडून ज्वारीची भाकरी आणि सोबत झणझणीत कांदा खाणाऱ्याचं पोट का फुगतं, याचं उत्तर इथे आहे. तिन्ही गटांना ‘ग्लुटेनची ॲलर्जी’ म्हटलं की सर्वांत जास्त नुकसान सीलिॲक असलेल्याचं होतं. त्याला आयुष्यभर, कणभरही न चुकता गहू सोडायचा असतो, आणि हॉटेलात त्याचं सांगणं चालू पथ्याचा हट्ट समजून सोडून दिलं जातं. शिवाय तपासणीआधीच गहू बंद केला तर रक्ताची चाचणी आणि आतड्याचा तुकडा दोन्ही निर्दोष दिसू लागतात. आजार तसाच राहतो, पुरावा जातो.

यावर कोणी म्हणेल, इतका काथ्याकूट कशाला, सरळ चाचणी करावी. चाचण्यांवरचा हा भरवसाच तपासायला हवा. त्वचेवर टोचून केलेली किंवा रक्तातली आयजीई चाचणी सांगते ती एवढंच, की शरीराला त्या प्रथिनाची ओळख पटलेली आहे. ओळख असणं आणि त्रास होणं या निराळ्या गोष्टी आहेत. कर्नाटकात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत २६.५ टक्के प्रौढांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं. लक्षणं आणि चाचणी दोन्ही जुळून ॲलर्जी असण्याची शक्यता दिसली ती १.२ टक्क्यांत. म्हणजे नुसत्या अहवालावर चालायचं ठरवलं तर साधारण बावीसजणांमागे एकाच्या खऱ्या आजारापायी बाकीच्या एकवीसजणांची ताटं उगाच रिकामी होतील. अमेरिकेतल्या चाळीस हजार प्रौढांच्या २०१९ च्या पाहणीत सुमारे १९ टक्क्यांनी स्वतःला अन्नाची ॲलर्जी असल्याचं सांगितलं आणि खात्रीलायक लक्षणं जुळली ती १०.८ टक्क्यांत. आणि हे झालं योग्य चाचणीबद्दल. शहरांत ‘फूड इनटॉलरन्स’ म्हणून शंभर-दोनशे पदार्थांची जी लांबलचक यादी विकली जाते, ती बहुधा आयजीजी या वेगळ्याच प्रतिद्रव्याची असते. आयजीजी म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता याची शरीरानं ठेवलेली नोंद. ॲलर्जीवर उपचार होऊन सोसण्याची ताकद वाढते तेव्हा त्यातलं आयजीजी-४ उलट वाढतं. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेनं २००८ मध्येच स्पष्ट सांगितलं, की या चाचणीवरून काहीही ठरवू नये. ज्या घरात रोज तांदूळ, तूर आणि दूध आहे, त्या घरातल्या माणसाच्या अहवालात नेमके तांदूळ, तूर आणि दूध लाल रंगात येतात, ते यामुळेच.

‘पण टाळलं तर बिघडतं काय?’ हा आक्षेप जास्त मनापासूनचा असतो आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. प्रौढ माणसानं वांगं सोडलं तर काही बिघडत नाही. पण मुलाच्या ताटातून दूध, अंडं, डाळ आणि शेंगदाणा एका कागदावरून काढले की बिघडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. अशा राज्यात प्रथिनांचे हे स्वस्त आणि हाताशी असलेले स्रोत अंदाजानं बंद करणं मला परवडण्यासारखं वाटत नाही. दुसरं, टाळण्यानंच ॲलर्जी वाढू शकते असं दाखवणारा पुरावा आता भक्कम आहे. इस्रायलमधल्या बाळांना शेंगदाण्याचा खाऊ लहानपणीच मिळतो. लंडनमधल्या ज्यू मुलांना मिळत नव्हता. २००८ मध्ये तुलना केली तर शेंगदाण्याची ॲलर्जी लंडनला दहापट होती. त्यावरून गिडियन लॅक यांच्या गटानं ज्यांना धोका जास्त अशा ६४० बाळांवर प्रयोग केला. २०१५ च्या निष्कर्षानुसार पाच वर्षांची होईतो शेंगदाणा टाळलेल्यांत १७ टक्क्यांना ॲलर्जी झाली, नियमित खाल्लेल्यांत ३ टक्क्यांना. त्याआधी कित्येक वर्षं पाश्चात्त्य डॉक्टर शेंगदाणा लांब ठेवा असंच सांगत होते. आपल्याकडे बाळाच्या भातात, भाजीत दाण्याचं बारीक कूट जातं, ती सवय इंटरनेटवरच्या जुन्या सल्ल्यांना घाबरून सोडू नये. अख्खा दाणा मात्र लहान मुलाच्या हाती देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. आणि ज्या बाळाला तीव्र इसब आहे, त्याच्याबाबत सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे, आणि तो मला मान्य आहे: ही विभागणी मी मांडतो तितकी स्वच्छ नाही. काही बाळांना दूध किंवा तांदूळ दिल्यावर एक ते चार तासांनी लागोपाठ उलट्या होतात, अंग गार पडतं, बाळ लुळं होतं. त्यात प्रतिकारशक्तीचा हात असतो, पण आयजीई नसतं, त्यामुळे चाचणी कोरी येते आणि घरी अपचन समजलं जातं. उलट गोचीड चावल्यानंतर काही माणसांत लाल मांसातल्या एका शर्करेची ॲलर्जी निर्माण होते. ती प्रथिनाची नाही आणि मिनिटांतही येत नाही, मटण खाल्ल्यावर तीन ते सहा तासांनी, बहुधा झोपेत येते. काहींना गहू एरवी चालतो, पण खाऊन लगेच धावलं तर ॲनाफिलॅक्सिस होतं. घड्याळ, मात्रा, पुनरावृत्ती या तिन्ही साक्षी इथे अडखळतात. पण अडखळतात त्या चाचणीपेक्षा कमी, आणि हे अपवाद सापडले तेही तपशिलात हकिगत ऐकणाऱ्या डॉक्टरांनाच. आयुर्वेदातली सात्म्य-असात्म्याची कल्पनाही याच कामाची आहे. एकाला मानवतं ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही, हे ती सांगते. मात्र असात्म्य पदार्थ हळूहळू सवयीनं अंगवळणी पाडता येतो, हा तिचा सल्ला न सोसण्याला लागू पडतो. ॲलर्जी असलेल्यानं तो घरी अमलात आणू नये.

कारण शेवटी प्रश्न जिवाचा आहे. अमेरिकेत ह्यू सॅम्पसन यांनी १९९२ मध्ये अन्नाच्या ॲलर्जीनं मरण पावलेल्या ६ आणि मरता मरता वाचलेल्या ७ मुलांची तुलना केली. गेलेल्या सहांपैकी दोघांनाच पहिल्या तासात ॲड्रेनॅलिन मिळालं होतं. वाचलेल्या सातांपैकी सहांना ते अर्ध्या तासात मिळालं होतं. खाण्यानंतर लगेच गांधींच्या जोडीला आवाज बसला, धाप लागली, सारख्या उलट्या झाल्या किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते पित्त नव्हे. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन हाच तिथे पहिला उपाय. खाजेची गोळी खाज थांबवते, श्वासनलिका उघडत नाही. माणसाला आडवं ठेवावं, पाय उंच करावे. धाप असेल तर बसू द्यावं, पण चालवत नेऊ नये. परदेशात मिळणारी टोचायची तयार पेनं आपल्याकडे दुर्मीळ आहेत, पण ॲड्रेनॅलिनची कुपी स्वस्त आहे आणि तालुक्याच्या दवाखान्यातही असते. त्यामुळे घरच्यांनी तिथे पोचताच ‘पित्त उठलंय’ न म्हणता ‘अमुक खाल्लं, इतक्या मिनिटांत हे झालं’ असं सांगितलं, तर अर्धं निदान तिथेच होतं. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: दीड-दोन महिन्यांहून अधिक काळ रोज उठणाऱ्या गांधींमागे अन्न क्वचितच असतं, आणि अशा माणसाला एकेक पदार्थ सोडायला लावणं हा निष्कारण छळ आहे.

खात्री करायची झाली तर शेवटचा शब्द अजूनही ताटाचाच आहे. दवाखान्यात, हाताशी औषधं ठेवून, संशयित पदार्थ कणाकणानं वाढवत देतात. काटेकोरपणा हवा तर डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही न कळता, दुसऱ्या कशात तरी मिसळून देतात. वेळखाऊ आहे, घरी करण्यासारखं तर नाहीच, पण याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. आणि ती एकदा करून भागत नाही. दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर ओसरते, शेंगदाण्याची साधारण पाचांतल्या एकात, कोळंबी-माशांची क्वचितच. म्हणून बालवाडीच्या अर्जात लिहिलेल्या ‘दुधाची ॲलर्जी’ या नोंदीपुढे तारीख हवी आणि दर वर्ष-दोन वर्षांनी ती डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवी. नाहीतर असंही होतं, की सातव्या वर्षी ॲलर्जी कधीच गेलेली असते, त्याच सुमारास लॅक्टेज आटायला लागलेलं असतं, वाढदिवसाच्या रबडीनं मुलाचं पोट दुखतं, आणि घरचे म्हणतात, बघा, अजून आहेच. तेव्हा विचारायचं ते इतकंच: पोटात दुखलं, की अंगावर उठलं? किती वेळानं? आणि परवा वाटीभर दही खाल्लं, तेव्हा काय झालं होतं?